कागदावर उरलेला नायक

एदोच्या रंगभूमीवर जुलमी सरदारांना एका आरोळीने थोपविणारा नट १८४२ साली स्वतः मात्र शोगुनच्या न्यायासनापुढे आरोपी म्हणून उभा राहिला. त्याच्या हातांत बेड्या पडल्या. आरोप खुनाचा नव्हता की राजद्रोहाचा नव्हता. सामान्य नटाला न शोभणाऱ्या थाटामाटात राहणे आणि रंगमंचावर खरेखुरे चिलखत घालून उतरणे, एवढाच त्याचा अपराध. शिक्षा मात्र हद्दपारीची झाली. एदो म्हणजे आजचे टोकियो. त्या शहराच्या सभोवारच्या दहा री, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटर लांबी-रुंदीच्या टापूत त्याने पाऊल ठेवायचे नव्हते. त्याच उन्हाळ्यात आणखी एक फर्मान निघाले आणि काबुकी नटांची चित्रे छापण्यास व विकण्यास मनाई झाली. नट शहराबाहेर आणि त्याचा चेहरा बाजाराबाहेर, असा हा दुहेरी बंदोबस्त होता. या दोन हुकमांपैकी नटावरचा हुकूम सात वर्षे टिकला. चेहऱ्यावरचा हुकूम त्याच्या आधीच ढिला पडला.

हा नट म्हणजे सातवा इचिकावा दान्जूरो. जपानी काष्ठमुद्रित चित्रांचे कोणतेही मोठे संग्रहालय पाहिले, तर बटबटीत डोळ्यांचा, दणकट जबड्याचा आणि तीन चौकटींचे बोधचिन्ह मिरविणारा एक चेहरा पुन्हा पुन्हा समोर येतो. तो बहुधा याचाच असतो. काबुकीतील वीरनायक म्हणून जगाच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते, त्याच्या घडणीत या माणसाचा मोठा वाटा आहे.

दान्जूरो हे नाव एका व्यक्तीचे नाही, ती गादी आहे. तिचा मूळपुरुष पहिला दान्जूरो (१६६० ते १७०४). १६७३ साली, अवघ्या तेरा-चौदा वर्षांच्या वयात, तो एदोच्या रंगमंचावर उतरला आणि त्याने आरागोतो नावाची एक नवीच अभिनयशैली रूढ केली. आरागोतो म्हणजे रांगडा, अतिमानवी वीराभिनय. त्यातील नायक दोन पावलांत रंगमंच व्यापतो, गर्जना करतो आणि प्रसंग शिगेला पोहोचला की एका आवेशपूर्ण मुद्रेत क्षणभर गोठून उभा राहतो. या मुद्रेला मिए म्हणतात. चेहऱ्यावर कुमादोरी नावाची ठळक रेघांची रंगभूषा असते. लाल रेघा शौर्याच्या व न्यायाच्या, निळ्या दुष्टाव्याच्या. सोळाव्या शतकाअखेर खेड्यासारख्या असलेल्या आणि शोगुनांच्या वास्तव्यामुळे झपाट्याने वाढलेल्या एदो शहराला हा दांडगा नायक मनापासून आवडला.

इचिकावा घराण्याचे आराध्यदैवत नारिता येथील शिन्शोजी मंदिरातील फुदो म्योओ. भारतीय वाचकांना ही देवता अगदी परकी वाटू नये, कारण बौद्ध तंत्रपरंपरेतील अचल या संस्कृत नावाच्या देवतेचेच हे जपानी रूप आहे. ज्वाळांच्या प्रभावळीत बसलेली, एका हाती खड्ग व दुसऱ्या हाती पाश घेतलेली आणि डोळे वटारलेली अशी ही मूर्ती. पहिल्या दान्जूरोने पुत्रप्राप्तीसाठी तिला नवस केला होता, अशी घराण्याची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेतूनच घराण्याला नारिताया हे नाव मिळाले आणि रंगमंचावर डोळे रोखून पाहण्याची दान्जूरोंची लकबही त्याच देवतेशी जोडली गेली. हा मूळपुरुष १७०४ साली एका सहनटाच्या हल्ल्यात ठार झाला. गादी मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली.

या गादीबरोबरच चित्रांचा एक धंदाही वाढत गेला. सतराव्या शतकाच्या अखेरीस तोरी कियोनोबु आणि त्याच्या घराण्यातील चित्रकार नाटकगृहांचे फलक रंगवीत व नटांची चित्रे छापीत. आरागोतो नायकाचे पाय त्यांनी भोपळ्यासारखे फुगीर काढले आणि रेघा गांडुळासारख्या वळवळत्या. त्यात नटाच्या चेहऱ्याशी साम्य फारसे नसे, त्याची ताकद मात्र कागदावर उतरे. १७६५ च्या सुमारास अनेक रंगांची छपाई साधली. त्यानंतर कात्सुकावा शुन्शो व त्याच्या समकालीनांनी प्रत्येक नटाचा खराखुरा चेहरा चित्रात आणला. चाहत्याला आता बोधचिन्ह पाहून नव्हे, तर नाकडोळ्यांवरून नट ओळखता येऊ लागला.

हे काम एकट्या चित्रकाराचे नसे. प्रकाशक भांडवल घाली व विषय ठरवी. चित्रकार शाईने रेखाटन करी. ते रेखाटन चेरीच्या लाकडी फळीवर उलटे चिकटवून कोरणारा कारागीर त्याबरहुकूम ठसा कोरी. प्रत्येक रंगाला बहुधा वेगळी फळी लागे. छापणारा कारागीर तुतीच्या वर्गातील झाडाच्या सालीपासून केलेल्या चिवट कागदावर एकामागून एक रंग दाबून उमटवी. रंग एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून फळीच्या कडेला खुणेच्या खाचा असत. १७९० पासून प्रत्येक चित्राला सरकारी तपासनिसाचा शिक्का आवश्यक झाला. एवढा खटाटोप होऊनही साध्या चित्राची किंमत वाडगाभर सोबा शेवयांच्या किमतीच्या आसपास राही. नाटकगृहात चांगली जागा परवडणार नाही असा सुतार किंवा दुकानातला नोकर आवडत्या नायकाचे चित्र मात्र घरी नेऊ शके.

सातवा दान्जूरो जन्मला १७९१ साली. पाचवा दान्जूरो हा त्याच्या आईचा पिता. सहावा दान्जूरो निपुत्रिक असल्याने त्याने या मुलाला दत्तक घेतले. १७९४ साली शिन्नोसुके या नावाने हे पोर प्रथम रंगमंचावर आले, तेव्हा त्याला नीट बोलताही येत नसावे. त्याच वर्षी शाराकू नावाचा गूढ चित्रकार एदोत अवतरला आणि सुमारे दहा महिन्यांत नटांची दीडशेच्या आसपास चित्रे काढून नाहीसा झाला. शाराकूच्या चित्रांत या मुलाच्या आजोबांचा सुरकुतलेला, सावध नजरेचा चेहरा आहे. या घराण्यात मूल बोलायला शिकण्याच्या वयात रंगमंचावर चढे, ते असे.

१७९६ साली, जपानी गणनेने सहाव्या वर्षी, त्याने ‘शिबाराकू’मधील वीराची भूमिका केली. शिबाराकू म्हणजे ‘जरा थांबा’. दुष्ट सरदार निरपराधांचा शिरच्छेद करविणार, इतक्यात प्रेक्षागृहातून जाणाऱ्या मार्गावरून हा शब्द गर्जत नायक येतो. त्याच्या विटकरी रंगाच्या पोशाखाच्या बाह्या पतंगासारख्या ताणलेल्या व माणसाच्या उंचीएवढ्या रुंद असतात आणि त्यांवर एकात एक बसविलेल्या तीन चौकोनांचे इचिकावांचे चिन्ह असते. त्या बाह्यांआड सहा वर्षांचे पोर कसे दिसले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. तीन वर्षांनी, १७९९ मध्ये, दत्तक पिता सहावा दान्जूरो ऐन बाविशीत वारला. पुढच्याच वर्षी या मुलाला सातवा दान्जूरो म्हणून गादीवर बसविण्यात आले. जपानी गणनेने त्याचे वय तेव्हा दहा होते. आजोबा निवृत्त होऊन शहराबाहेर काव्यविनोदात रमले होते. तेही १८०६ साली गेले. मोठ्या नावाचे ओझे आणि पाठीशी घरातले वडीलधारे कोणी नाही, अशा स्थितीत त्याने तारुण्यात पाऊल टाकले.

त्याची शरीरयष्टी आरागोतोला साजेशी मुळीच नव्हती. तो बुटका होता. परंतु डोळे विलक्षण मोठे आणि आवाज दमदार. ही उणीव आणि ही देणगी दोन्ही चित्रकारांनी ओळखल्या. उतागावा कुनिसादा हा त्यांतला प्रमुख. १७८६ साली जन्मलेला कुनिसादा दान्जूरोहून पाच वर्षांनी मोठा. गुरू तोयोकुनीकडून त्याने नटांचे चेहरे रेखाटण्याची विद्या घेतली आणि पुढे आयुष्यभर एवढी चित्रे काढली की त्यांची संख्या वीस हजारांच्या घरात मोजली जाते. कागदावर बुटकेपणा दाखविण्याची सक्ती नसते. कुनिसादाने दान्जूरोचे खांदे चौकटीच्या कडांना भिडविले आणि सगळे बळ बुबुळांत आणून ठेवले. कागदावरचा दान्जूरो त्यामुळे धिप्पाड झाला.

दान्जूरोही धूर्त होता. आपला चेहरा, आपले कपडे, आपली अक्षरे यांचे मोल त्याला ठाऊक होते. विळा, कडे आणि ‘नु’ हे अक्षर अशी तीन चिन्हे शेजारी मांडली की जपानीत ‘फिकीर नाही’ या अर्थाचा शब्द तयार होतो. ही नक्षी त्याने पोशाखावर वापरली आणि बघता बघता एदोतील तरुण तशाच नक्षीचे सुती कपडे घालून हिंडू लागले. नाटकाने चित्र खपे, चित्राने कापड खपे आणि या साऱ्याने पुन्हा नाटकगृह भरे.

तो केवळ वीरनायक नव्हता. १८२५ साली चौथ्या त्सुरुया नान्बोकूचे ‘योत्सुया कैदान’ हे भयनाट्य नाकामुरा-झा नाटकगृहात रंगमंचावर आले. त्यात पत्नीचा घात करणाऱ्या देखण्या, थंड रक्ताच्या इएमोनची भूमिका त्याने केली. वीराच्या घराण्यातला पुरुष असा नीच खलनायक रंगवितो, याचे अप्रूप प्रेक्षकांना वाटले. दुष्ट पण मोहक पुरुषाची एक नवी प्रतिमा त्यातून जपानी रंगभूमीला मिळाली.

मात्र वय वाढत गेले तसे त्याचे लक्ष घराण्याच्या जुन्या ठेव्याकडे वळले. प्रतिस्पर्धी अनेक होते. प्रत्येकाकडे लोकप्रिय भूमिका होत्या. इचिकावांकडे मात्र दीडशे वर्षांचा वारसा होता. १८३२ साली त्याने थोरल्या मुलाला आठवा दान्जूरो केले व स्वतः एबिझो हे नाव घेतले. त्याच निमित्ताने त्याने आपल्या घराण्याच्या अठरा नाटकांची यादी छापून वाटली. ‘शिबाराकू’, बाणाला धार लावीत बसलेल्या सोगा गोरोचे ‘यानोने’, एदोच्या रंगेल वीराचे ‘सुकेरोकू’ ही नाटके त्यात होती. ‘काबुकी जूहाचिबान’ म्हणजे काबुकीची अठरा नाटके या नावाने ती यादी प्रसिद्ध झाली. हंगामागणिक बदलणाऱ्या धंद्यात कोणी आपल्या घराण्यापुरता असा कायमचा संच ठरवून टाकावा, ही कल्पनाच नवी होती. आज जपानी भाषेत एखाद्याच्या हुकमी कौशल्याला ‘अठरावा क्रमांक’ या अर्थाचाच शब्दप्रयोग वापरतात. त्याची लोकप्रियता या यादीशी जोडली जाते.

अठरांपैकी काही नाटके जवळपास विस्मृतीत गेली होती. ती नव्याने उभी करावी लागणार होती. त्या प्रयत्नातील सर्वांत धाडसी पाऊल १८४० साली कावारासाकी-झा नाटकगृहात पडले. नाटकाचे नाव ‘कान्जिन्चो’. थोरल्या भावाच्या कोपामुळे जीव घेऊन पळणारा योशित्सुने हमालाच्या वेशात आहे आणि सोबतीला संन्याशाच्या वेशातील त्याचा सेवक बेन्केई. नाक्यावरचा अधिकारी तोगाशी त्यांना अडवितो. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी गोळा करतो म्हणता, तर वर्गणीपत्र वाचून दाखवा, असे तो फर्मावितो. बेन्केई कोरी गुंडाळी उलगडून नसलेले वर्गणीपत्र खणखणीत आवाजात वाचतो. तरीही संशय फिटत नाही, तेव्हा तो काळजावर दगड ठेवून आपल्याच धन्याला काठीने बडवितो. तोगाशीला सारे कळून चुकते. पण त्या निष्ठेपुढे तो वाट सोडतो.

ही कथा नो नाट्यातून घेतलेली होती. नो हे सामुराई वर्गाचे प्रतिष्ठित नाट्य आणि काबुकी ही शहरी रयतेची करमणूक. दोहोंमधली भिंत उंच होती. एबिझोने नोप्रमाणेच मागे पाइन वृक्षाचा पडदा लावला, पोशाखातही नोची छाया आणली आणि बेन्केई स्वतः केला. योशित्सुनेच्या भूमिकेत त्याचा मुलगा आठवा दान्जूरो होता. हलक्या समजल्या जाणाऱ्या नटाने वरच्या वर्गाच्या कलेला हात घातला, ही गोष्ट अनेकांच्या भुवया उंचावणारी होती.

काळ फिरायला वेळ लागला नाही. १८३० च्या दशकात जपानमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. तिजोरी रिती होत होती. १८४१ साली शोगुनचा मुख्य मंत्री मिझुनो तादाकुनी याने काटकसर व नीतिमत्ता यांच्या नावाने सुधारणांचा आसूड उगारला. त्याच वर्षी आगीत दोन मोठी नाटकगृहे जळाली. ती जुन्या जागी बांधू न देता नाटकगृहांना शहराच्या कडेला, आसाकुसाजवळ हलविण्यात आले. घराबाहेर पडताना नटांनी चेहरा झाकणारी खोल टोपली-टोपी घालावी, असाही नियम झाला. ज्यांचे चेहरे घराघरांतील भिंतींवर होते, त्यांनी रस्त्यावर चेहरा लपवायचा होता. एदोतील सर्वांत प्रसिद्ध नटावर कारवाई झाली, तर बाकीचे आपोआप वठणीवर येतील, हा हिशेब उघड होता. ‘कान्जिन्चो’च्या पहिल्या प्रयोगाला दोनच वर्षे झाली होती आणि नाक्यावरून निसटून जाणाऱ्या बेन्केईला आता स्वतःच शहराची वेस ओलांडावी लागली.

तो प्रथम नारिताला गेला. त्याच मंदिराला १८२१ साली, वैभवाच्या काळात, त्याने नवसाची चित्रे ठेवण्यासाठी एक दालन बांधून दिले होते. आता त्याच देवाच्या आश्रयाला तो निर्वासित म्हणून आला. पुढे ओसाका व क्योतो येथे त्याने पुन्हा तोंडाला रंग लावला. पन्नाशी उलटली होती, पण नट रंगमंचाविना जगू शकत नव्हता आणि घरचा मोठा परिवारही पोसायचा होता. इकडे एदोत आठवा दान्जूरो विशीतच घराचा कर्ता झाला. वडिलांच्या सुटकेसाठी तो फुदोच्या मंदिरात नित्यनेमाने प्रार्थना करी. या पितृभक्तीबद्दल १८४५ साली एदोच्या न्यायाधिकाऱ्यांनी त्याचा गौरव केला. बापाला हद्दपार करणाऱ्या राज्यानेच मुलाच्या पितृप्रेमाची वाखाणणी केली, पण बापाला परत मात्र बोलाविले नाही.

चित्रांच्या बाजारात दरम्यान वेगळाच खेळ सुरू झाला होता. मिझुनो १८४३ सालीच सत्तेवरून गेला आणि मनाईची धार हळूहळू बोथट होत गेली. प्रकाशकांनी नटांची नावे गाळली व चेहरे तेवढे ठेवले. चित्रावर एखाद्या ऐतिहासिक वीराचे नाव असे. पाहणारा मात्र नाक, हनुवटी आणि डोळे पाहून मनातल्या मनात नटाचे नाव घेई. १८४८ च्या सुमारास उतागावा कुनियोशीने एक मजेदार चित्रमालिका काढली. कोठाराच्या पांढऱ्या भिंतीवर कोणा टवाळाने खिळ्याने ओरखडावेत, तशी तिच्यात नटांची वेडीवाकडी तोंडे आहेत. हे नटांचे चित्र नव्हे, भिंतीवरचे ओरखडे आहेत, असे म्हणायला वाव होता. ओसाकात हिरोसादा या चित्रकाराने लहान आकाराच्या देखण्या चित्रांत परागंदा एबिझोचा चेहरा बिननावाने छापला. नाव पुसले गेले होते. चेहऱ्याला ओळख करून देण्याची गरजच उरली नव्हती.

१८४९ च्या अखेरीस, जपानी पंचांगानुसार, त्याला माफी मिळाली आणि १८५० साली तो एदोत परतला. प्रेक्षकांनी त्याचे उत्साहाने स्वागत केले. आता मात्र शहराचा लाडका त्याचा मुलगा होता. १८५३ साली ‘किरारे योसा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नाटकात चेहऱ्यावर जखमांचे व्रण मिरविणाऱ्या योसाबुरोच्या भूमिकेत आठव्या दान्जूरोने तरुणींना वेड लावले होते. वडील पुन्हा पश्चिमेकडे दौऱ्यावर गेले, तेव्हा १८५४ च्या उन्हाळ्यात मुलगा त्यांना जाऊन मिळाला. दोघांनी नागोयात एकत्र काम केले आणि मग ओसाका गाठले. तेथे प्रयोग सुरू व्हायच्या दिवशीच आठव्या दान्जूरोने आपले जीवन संपविले. तो अवघा तिशीतला होता. त्यामागचे कारण आजवर निश्चितपणे कळलेले नाही.

बातमी एदोत पोहोचताच ठसे कोरणाऱ्यांचे हात रात्रंदिवस चालू लागले. दिवंगत नटाच्या स्मरणार्थ छापल्या जाणाऱ्या चित्रांना शिनि-ए, म्हणजे मृत्युचित्रे, म्हणत. आठव्या दान्जूरोची अशी शंभराहून अधिक निरनिराळी चित्रे निघाली. घाईमुळे बऱ्याच चित्रांवर ना चित्रकाराचे नाव, ना तपासनिसाचा शिक्का. काहींत तो फिक्या निळ्या वस्त्रांत परलोकी निघालेला आहे. काहींत बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या चित्राप्रमाणे तो पहुडलेला असून भोवती शिष्यांऐवजी आक्रोश करणाऱ्या स्त्रिया आहेत. ज्या बाजाराने बापाचा चेहरा हद्दपारीतही जिवंत ठेवला, त्याच बाजाराने मुलाचा मृत्यू हातोहात विकला. चाहत्यांचा शोक खोटा नव्हता आणि प्रकाशकांचा नफाही खोटा नव्हता. त्या दोहोंच्या मध्ये पुत्रवियोगाने खचलेला एक म्हातारा नट होता. त्याला तर प्रयोग करीतच राहावे लागले. १८५८ साली तो एदोत परतला आणि पुढच्या वर्षी, १८५९ मध्ये, त्याने जगाचा निरोप घेतला.

त्याची अठरा नाटकांची यादी त्याच्या मागे राहिली. १८३८ साली जन्मलेला त्याचा पाचवा मुलगा १८७४ साली नववा दान्जूरो झाला. तोवर शोगुनशाही कोसळली होती आणि जपान आधुनिक होऊ पाहत होता. १८८७ साली सम्राट मेइजी यांच्यासमोर काबुकीचा प्रयोग झाला. त्यात नवव्या दान्जूरोने बेन्केईची भूमिका केली आणि नाटक होते ‘कान्जिन्चो’. ज्याला शहरात राहण्यासही नालायक ठरविले, त्याने उभे केलेले नाटक त्याच्या मुलाने खुद्द सम्राटापुढे सादर केले. कुनिसादाचा शिष्य तोयोहारा कुनिचिका याने १८९० च्या दशकात नवव्या दान्जूरोच्या शंभर भूमिकांची चित्रमालिका हाती घेतली. रंग आता परदेशी आणि भडक होते. मिएतील नजर मात्र जुनीच होती. त्या काळात छायाचित्र आणि वृत्तपत्र यांनी लाकडी ठशांचा बाजार हळूहळू गिळला.

२००८ साली युनेस्कोने काबुकीचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये टोकियोच्या काबुकी-झा नाटकगृहात तेरावा दान्जूरो गादीवर आला, तेव्हा त्या यादीतीलच नाटके रंगमंचावर होती. एखादा नट आजही ‘शिबाराकू’च्या त्या अवाढव्य बाह्या चढवून गर्जतो आणि रंगमंचावरचा जुलमी सरदार हात आखडता घेतो. सातव्या दान्जूरोसाठी खऱ्या आयुष्यात अशी आरोळी ठोकणारा कोणी आला नाही. त्याला हद्दपार करणाऱ्या मंत्र्याचे नाव आज इतिहासाचे अभ्यासक तेवढे घेतात. नटाचा चेहरा मात्र वाडगाभर शेवयांच्या किमतीत विकल्या गेलेल्या कागदांवर, आजही डोळे वटारून पाहतो आहे.